पलीकडचा वर्ग

पडद्यावर एक वर्ग दिसतो आहे. पंचवीस-तीस मुलं, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, कोपऱ्यात दप्तरांचा ढीग. हा वर्ग पृथ्वीवर कुठे आहे ते ओळखायचं. तिकडच्यांनीही इकडचा ओळखायचा. प्रश्न असे विचारायचे की उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. आळीपाळीनं एकेक प्रश्न. चार मुलं अॅटलास उघडून बसलेली असतात, दोघं प्रत्येक उत्तर फळ्यावर टिपतात, एकजण वाद झाला तर निवाडा करतो, आणि प्रश्न विचारायला माइकपुढे कोण जाणार यावरून आदल्या दिवशीच भांडण होऊन गेलेलं असतं.

या खेळाला ‘मिस्टरी स्काइप’ म्हणतात. स्काइप कंपनीनं २०११ साली शिक्षकांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं कंपनीच विकत घेतली. पुढच्या काही वर्षांत हा खेळ प्राथमिक शाळांमध्ये जगभर पसरला. ५ मे २०२५ रोजी स्काइप कायमचं बंद झालं. खेळाला त्यानं काही झालं नाही, तो झूम, मीट, टीम्स अशा मिळेल त्या खिडकीतून चालू राहिला.

पहिल्यांदा खेळणारी मुलं हमखास विचारतात, “तुम्ही जपानमध्ये आहात का?” नाही. “अमेरिकेत?” नाही. अशी पाच-सहा ‘नाही’ पदरात पडली, की कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो की एका प्रश्नानं एकच देश खोडून भागायचं नाही, निम्मे खोडले गेले पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश १९३. दर प्रश्नाला निम्मे उडाले तर १९३ चे ९७, मग ४९, २५, १३, ७, ४, २ आणि १, म्हणजे आठ प्रश्नांत देश सापडायला हवा. प्रत्यक्षात आठांत सहसा सापडत नाही, आणि का सापडत नाही यातच खरी मजा आहे. “तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?” हा प्रश्न मुलांना अगदी बिनतोड वाटतो. उत्तर ‘हो’ येतं आणि यादी जेमतेम आक्रसते, कारण जगातले बहुतेक देश उत्तर गोलार्धातच आहेत. जमिनीची ही असमान वाटणी भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत छापलेली असते. इथे ती मुलांच्या वाटेत आडवी येते, म्हणून लक्षात राहते.

खेळ उत्तमच आहे. पण चाळीस मिनिटांनी तो संपतो. दोन्हीकडून हात हलतात, फोटो निघतो, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो, एखाद्या दैनिकाच्या तालुका पुरवणीत बातमी येते आणि पलीकडचा वर्ग पुन्हा कधी भेटत नाही. ‘आमची शाळा इतक्या देशांशी जोडली गेली’ ही वाक्यं अशा भेटींवरच उभी असतात. देश मोजणं सोपं असतं. पलीकडच्या वर्गाशिवाय ज्याचं अडलं असतं असं काही काम मुलांच्या हातात होतं का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. मला विचाराल तर या प्रकरणातलं बाकी सगळं या प्रश्नापुढे दुय्यम आहे.

मोशे कोहेन आणि मार्गारेट रील या दोघांचं एक साधं संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झालं. जेरुसलेममधल्या सातवीच्या मुलांना त्यांनी एकाच विषयावर दोनदा निबंध लिहायला लावले. एकदा बाईंसाठी, सत्राचे गुण त्यावर मिळणार होते. एकदा दुसऱ्या देशांतल्या समवयस्क मुलांसाठी, त्याला गुण-बिण काही नव्हते. मग दोन्ही निबंध तपासले. गुणांसाठी लिहिलेले सरस निघतील असंच कुणालाही वाटेल. निघाले उलटे. दूरच्या मुलांसाठी लिहिलेल्या निबंधांत मजकूर भरीव होता, मांडणी नीट होती आणि भाषाही जास्त काळजीपूर्वक वापरलेली होती.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. बाईंना उत्तर आधीच माहीत असतं. ‘माझे गाव’ हा निबंध चौथीतलं मूल लिहितं तेव्हा बाई त्याच गावात रोज एसटीनं येतात. ‘गावात एक विहीर आहे, देऊळ आहे, बाजार भरतो’ एवढं पुरतं. विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं, बाजार कुठल्या वारी भरतो, ऊसतोड सुरू झाली की वर्गातली किती मुलं आईबापांबरोबर निघून जातात, हे लिहायची गरजच पडत नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. तोच मजकूर केनियातल्या किंवा फिनलंडमधल्या मुलांकडे जाणार असला की प्रत्येक वाक्याला प्रश्न फुटतो. ती मुलं विचारतात, “ती मुलं जातात कुठे? परत कधी येतात? मग त्यांची परीक्षा?” आणि लिहिणाऱ्याला जाऊन विचारून यावं लागतं.

ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतलेले सेलेस्तँ फ्रेने १९२० साली दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी शिक्षक म्हणून रुजू झाले. तासन्‌तास बोलणं त्यांना झेपत नव्हतं. वर्गासमोर उभं राहून शिकवण्याऐवजी त्यांनी वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलं आपापला मजकूर लिहीत, सगळ्यांनी मिळून तो दुरुस्त करत आणि खिळे जुळवून छापत. आता छापलेलं कुणीतरी वाचायला हवं होतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँक गावात रने दानिएल नावाचे शिक्षक अशाच खटपटीत होते. डोंगरातली मुलं आणि समुद्रकाठची मुलं एकमेकांची पानं पोस्टानं मागवू लागली. फ्रेनेंची ही ‘शालेय पत्रापत्री’ पुढे एका मोठ्या शिक्षक चळवळीचा कणा झाली. शब्दाची चूक राहिली तर मास्तर रागावतील म्हणून नाही, तर त्रेगँकची मुलं हसतील म्हणून ती दुरुस्त व्हायची!

पोस्टाची जागा मोडेमनं घेतली ती १९८०च्या दशकात. अमेरिकेतली टर्क ही संस्था आणि नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी यांनी चौथी ते सहावीच्या वर्गांसाठी ‘किड्स नेटवर्क’ उभं केलं. त्यातला आम्ल पावसाचा पाठ पाहण्यासारखा आहे. मुलं आपल्या शाळेच्या अंगणात पावसाचं पाणी धरत, कागदी पट्टी बुडवून त्याची आम्लता मोजत आणि आकडा फोनच्या तारेवरून मध्यवर्ती संगणकाला पाठवत. दूरदूरच्या वर्गांचे आकडे एकत्र होऊन नकाशाच्या रूपात परत येत. कुठला पाऊस जास्त आंबट, तिथे वारा कुठून येतो, वाऱ्याच्या वाटेवर कारखाने कुठले, हे एका शाळेला आपल्या बादलीत पाहून कधीच कळलं नसतं.

१९८८ साली पीटर कोपन यांच्या पुढाकारानं न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा जोडल्या गेल्या. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं. त्या प्रयोगातून ‘आयअर्न’ हे शिक्षकांचं जाळं तयार झालं. त्यातला माझा सर्वांत आवडता उपक्रम अगदी लहान मुलांचा आहे. दोन वर्ग एकमेकांना पोस्टानं एकेक कापडी अस्वल पाठवतात. आलेला पाहुणा आळीपाळीनं मुलांच्या घरी मुक्कामाला जातो आणि मूल त्याच्या वतीनं रोजनिशी लिहितं: आज मी रिक्षात बसलो, आज मला तिखट लागलं, रात्री पावसाचा आवाज ऐकून घाबरलो. ही रोजनिशी ईमेलनं त्याच्या मूळ वर्गाकडे जाते. स्वतःबद्दल एक ओळ लिहायला लाजणारं दुसरीतलं मूल अस्वलाच्या नावावर पानभर लिहितं. आपल्या घरात काय चालतं याकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी बघायचं असतं, म्हणून रोजच्या गोष्टीही नव्यानं दिसतात. पार्सल कस्टममध्ये अडकलं तर तीही एक गोष्ट होते.

१९९० साली नॉर्वेतल्या ओड द प्रेस्नो यांनी ‘किडलिंक’ सुरू केलं, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आत येण्याआधी प्रत्येक मुलाला चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत: मी कोण आहे, मोठेपणी मला काय व्हायचं आहे, मी मोठा होईन तेव्हा जग कसं चांगलं झालेलं असावं, आणि त्यासाठी मी आत्ता काय करू शकतो. युरोपात २००५ पासून ‘ई-ट्विनिंग’ आहे. त्याचा पायंडा असा पडला की सुरुवात दोन देशांतल्या दोन शिक्षकांनी मिळून करायची आणि कामाचा आराखडा आधी ठरवायचा. खाजगी कंपन्यांचे मंच आले आणि गेले. ई-ट्विनिंग वीस वर्षं टिकलं, कारण त्यामागे शिक्षकांना मदत करणारी सार्वजनिक यंत्रणा आहे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की परितेवाडीचं नाव येणारच. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, आणि ही गोष्ट पुरस्काराइतकीच गाजली. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमुळे त्यांना बहुतेक लोक ओळखतात. मला त्यांचं दुसरं काम या प्रकरणासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. इंटरनेटवरून ते देशोदेशीच्या वर्गांना आभासी सहलीला नेत आणि घरातल्या प्रयोगशाळेतून विज्ञानाचे प्रयोग करून दाखवत. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या त्यांच्या उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना काही आठवडे एकमेकांशी बोलतं ठेवलं जाई. इथे ‘काही आठवडे’ हे शब्द मोलाचे आहेत. एका भेटीत मुलं एकमेकांचा देश बघतात. माणूस दिसायला तिसरी-चौथी भेट लागते.

फलटणची गोष्ट याहून थोडी वेगळी. सुगाता मित्रा यांनी दिल्लीतल्या कालकाजीला १९९९ मध्ये भिंतीत संगणक बसवून केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. २०१३ साली त्यांना टेड पुरस्कार मिळाला आणि त्यातून भारतात व इंग्लंडमध्ये मिळून सात ‘स्कूल इन द क्लाउड’ केंद्रं उघडली. त्यांतलं एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होतं. मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या या संस्थेच्या कमला निंबकर बालभवन शाळेचं माध्यम मराठी. इथे पलीकडे वर्ग नसे, एखादी ‘ग्रॅनी’ असे, म्हणजे घरबसल्या मुलांशी गप्पा मारणारी, गोष्ट वाचणारी स्वयंसेवक. त्यांनी शिकवायचं नसतं. आजीसारखं कौतुकानं विचारायचं, “अरे, हे कसं केलंस?” फ्रेनेंच्या छापखान्यामागे जी गरज होती तीच ही: उत्तर माहीत नसलेलं आणि ते ऐकायला उत्सुक असलेलं कुणीतरी.

आता अडचणी. वीजबिल थकून मीटर बंद, पाऊस आला की रेंज गुल, प्रोजेक्टर लोकसहभागातून घेतलेला पण दुरुस्तीला पैसे नाहीत, द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी निवडणुकीच्या कामावर. हे सगळं मराठी वाचकाला सांगायला नको. घड्याळाची अडचण मात्र सुरुवातीला कुणाच्याच ध्यानात येत नाही. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे परिपाठ आटोपून सकाळचे अकरा वाजतात तेव्हा टोकियोत दुपारचे अडीच झालेले असतात, शाळा सुटायच्या बेतात. नैरोबीत साडेआठ, म्हणजे अगदी सोयीचं. लंडनमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा. ज्या देशाची सगळ्यांना ओढ, तिथलाच वर्ग शाळेच्या वेळात थेट भेटणं अशक्य. तरीही अमेरिकेच्या नादानं पोरांना संध्याकाळी सात वाजता शाळेत बोलावणारे हौशी गुरुजी असतात, आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेकडो शाळा आपल्याच वेळापत्रकात बसत असताना तिकडे कुणी वळत नाही. नाही तर थेट भेटीचा हट्ट सोडावा. आज ध्वनिमुद्रण पाठवलं, परवा उत्तर आलं, यानं लहान मुलांचं काही बिघडत नाही. उलट उत्तराची वाट पाहण्यात मजा असते, आणि रेंज गेली तरी काम अडत नाही.

दुसरी अडचण भाषेची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या बळावर मराठी शाळेतलं मूल नाव, वर्ग, आवडता रंग सांगतं आणि तिसऱ्या प्रश्नाला अडतं. मग बाई मध्ये दुभाषी म्हणून उभ्या राहतात आणि संवाद दोन शिक्षकांचा होतो, मुलं मागे तिष्ठत बसतात. म्हणून आकडे, चित्रं, नकाशे, वस्तू यांवर चालणारं काम प्राथमिक वर्गांना जास्त मानवतं. आणि एक वाट तर अगदीच सोपी आहे. मॉरिशसच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. कोकणातून आणि आसपासच्या भागातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची पुढची पिढी ती शिकते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे आपल्या अकराला तिथे साडेनऊ. दोन्ही वर्गांत ऊस माहितीचा, समुद्र माहितीचा आणि मराठी कमी-अधिक माहितीची. रत्नागिरीतल्या चौथीनं मॉरिशसच्या चौथीला मराठीत पत्र लिहायला कसलं अॅप लागतं?

धोके दोन. पहिला नटून बसण्याचा. पाहुण्यांसमोर नऊवारी, फेटे, लेझीम, थाळीत पुरणपोळी. तिकडूनही त्यांची टोपी आणि त्यांचं नृत्य येतं. दोन्ही वर्ग एकमेकांना पोस्टकार्ड दाखवून मोकळे होतात. रोजच्या डब्यात पोळी-भाजी असते आणि कधी कधी तीही नसते, हे गाळलं जातं. दुसरा धोका दयेचा. श्रीमंत देशातल्या मुलांना पत्र्याचं छप्पर दिसतं आणि पुढच्या आठवड्यात वर्गणी गोळा करण्याचा प्रस्ताव येतो. तो क्षण आला की दोन वर्ग बरोबरीचे राहत नाहीत. दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवं असेल, अशी आखणी आधीच केलेली असेल तर असं सहसा होत नाही. काळजीच्या साध्या गोष्टी तर पाळायच्याच. मुलांची आडनावं, पत्ते, घरचे नंबर पडद्यावर येऊ द्यायचे नाहीत. पालकांची परवानगी लेखी हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती हाताळायची तर पालकांची खात्रीशीर संमती मागितली आहे.

दोघांनाही एकमेकांची गरज पडेल असं एक काम इथे नीट मांडून दाखवतो. ते दोन हजारांहून अधिक वर्षं जुनं आहे. इरॅटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला, तेच शाळेच्या पटांगणात करायचं. जोडीदार असा हवा की जो आपल्या उत्तरेला किंवा दक्षिणेला, जवळपास त्याच रेखावृत्तावर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेसाठी कझाकस्तानातलं अल्माटी शहर फार सोयीचं. सोलापूर ७६ अंश पूर्वेला, अल्माटी ७७. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. २० मार्चच्या सुमारास सोलापुरात भरमध्यान्ह होते दुपारी साधारण १२ वाजून ३४ मिनिटांनी. अल्माटीत ती होते आपल्या साडेबाराला.

दोन्हीकडे एक मीटरची काठी उभी करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. सोलापुरात ती ३२ सेंटिमीटरच्या आसपास येईल, अल्माटीत ९४. त्रिकोणमिती लागत नाही. कागदावर प्रमाणात काठी आणि सावली काढून त्रिकोण पुरा करायचा आणि वरचा कोन कोनमापकानं मोजायचा. इकडे पावणेअठरा अंश, तिकडे सव्वात्रेचाळीस. फरक साडेपंचवीस. नकाशावर दोन ठिकाणांतलं दक्षिणोत्तर अंतर मोजलं तर २,८४० किलोमीटर भरतं. साडेपंचवीस अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजारांच्या थोडं पुढे. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

मार्चचा हट्ट मात्र धरू नये. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच शाळा सकाळच्या झालेल्या असतात आणि भरमध्यान्हीला मुलं घरी पोचलेली असतात. तिकडे २१ तारखेपासून नवरोझची सुट्टी. फेब्रुवारीतला कुठलाही उन्हाचा दिवस चालतो, फक्त दोन्हीकडे तोच हवा. महिन्याच्या मध्याला सोलापुरात सावली ५९ सेंटिमीटरच्या आसपास पडेल आणि अल्माटीत जवळजवळ दीड मीटर. दोन्ही कोन वाढतील, त्यांच्यातला फरक तोच राहील. का राहील, यावर वर्गात एक तास सहज जातो.

सावली एका सेंटिमीटरनं चुकली तरी मोठा घोळ होतो. मार्चच्या मोजणीत सोलापूरकरांनी ३२ ऐवजी ३३ लिहिले, तर पृथ्वीचा घेर आठशे किलोमीटरहून जास्त फुगतो. मग चूक कुणाची यावर खल सुरू होतो. आपली काठी तिरकी होती की त्यांची? पटांगण सपाट होतं का? त्यांनी सावली बर्फावर मोजली की बर्फ खरवडून? ओळंबा लावला होता का? हे विचारायला अल्माटीच्या वर्गाला पुन्हा कॉल लावावा लागतो, आणि या वेळी बाईंनी काही सुचवायच्या आत मुलांचे प्रश्न तयार असतात.